लक्ष्य कीं पवित्रा?

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पश्चिमेस खाम नदीपलीकडे छावणी वसलेली आहे. निजामाच्या काळीं हैदराबाद कंटिंजंटचें घोडदळ येथें असे आणि १८५७ सालीं त्यांतील शिपायांनीं बंडाचा झेंडा उभारला, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. आजही तेथें लष्कराचें वास्तव्य आहे. ज्या भूमीनें शस्त्रांचाच सहवास इतकीं वर्षें केला, तेथें शस्त्राची किंमत एकाच मापानें व्हावी हें साहजिक होय. तें माप म्हणजे, वार लागला कीं चुकला? परंतु ह्याच छावणींतील एका मोकळ्या मैदानावर आम्हीं एकदां असा प्रसंग पाहिला कीं, त्यानें ह्या मापाविषयींच आमच्या मनांत शंका उत्पन्न केली.

बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा बांबूच्या साध्या धनुष्यानें नेम धरीत होता. जवळ त्याचे शिक्षक उभे होते आणि कडेच्या झाडाखालीं त्याची आई डबा व पाण्याची बाटली घेऊन बसली होती. मुलाचा पहिला बाण थेट मधल्या पिवळ्या वर्तुळांत रुतला. आईचा चेहरा खुलला. शिक्षक मात्र कांहींच बोलले नाहींत. दुसरा बाण कागदाच्याही बाहेर, नुसत्या पेंढ्यांत गेला. तेव्हां शिक्षक म्हणाले, "हा चांगला. असाच सोडत जा." आईस तें सहन झालें नाहीं. ती म्हणाली, "अहो सर, आंत लागला तेव्हां गप्प बसलांत, आणि बाहेर गेला तर शाबासकी देतां! निवड-चाचणीला बाण मोजतील, कीं हा उभा कसा राहतो तें बघतील?" शिक्षक हंसून म्हणाले, "ताई, पहिला बाण त्यानें मारला नव्हता. तो लागला होता."

उत्तर चटकदार खरें. पण चटकदार उत्तर नेहमींच खरें असतें असें नाहीं. म्हणून दोन्हीं पक्षांचें म्हणणें नीट तपासून पाहणें अवश्य आहे.

प्रथम शिक्षकांची बाजू घेऊं. अलीकडील कंपाऊंड धनुष्यास चाकें असतात. दोरी पूर्ण ओढली म्हणजे हातावरील भार पुष्कळ हलका होतो, आणि नेमासाठीं भिंगही लावतां येतें. साध्या पारंपरिक धनुष्यास ह्यांपैकीं कांहींएक नसतें. जों जों दोरी मागें येते, तों तों भार वाढत जातो, आणि नेमाचें साधन म्हणून जें काय असतें तें धनुर्धराचें स्वतःचें शरीर. पाय कसे रोवले, मूठ किती घट्ट धरली, दोरी दरवेळीं गालाच्या त्याच बिंदूस टेकली कीं नाहीं, ओढ दंडाची होती कीं पाठीची, बोटें सुटलीं कीं झटकलीं गेलीं, आणि बाण गेल्यावरही डावा हात जागच्या जागीं राहिला कीं नाहीं, ह्या सर्वांच्या जुळणीस पवित्रा म्हणावयाचें. आमच्या जुन्या धनुर्वेदांतही आलीढ, प्रत्यालीढ, विशाख, समपाद असे उभे राहण्याचे प्रकार, आणि पताका, वज्रमुष्टि, सिंहकर्ण असे दोरी धरण्याचे प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. त्या ग्रंथकारांस नुसतें 'नेम धरा' एवढें सांगून भागलें नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आतां त्या मुलाचा पहिला बाण पाहूं. त्याची दोरी गालापर्यंत पोंचलीच नव्हती. म्हणून बाण खालीं जावयास हवा होता. परंतु सोडतांना त्याचा डावा हात दचकून वर उडाला. एका चुकीनें दुसरी झांकली आणि बाण मध्यावर बसला! दुसऱ्या वेळीं दोरी बरोबर गालास टेकली. पण हाताची जुनी संवय राहिलीच होती, आणि आतां ती झांकावयास दुसरी चूक नव्हती. म्हणून बाण वर गेला. मुलगा सुधारला, म्हणूनच त्याचा नेम चुकला! आमच्या मतें ह्या प्रसंगाचें सर्व मर्म येथेंच आहे. ज्याचे दोष एकमेकांस सांवरून धरतात, त्याचें बरें चाललेलें दिसतें. त्यानें एक दोष काढला कीं दुसरा उघडा पडतो. सुधारणेची पहिली पायरी बाहेरून अधोगतीसारखी दिसते, आणि बहुतेक माणसें त्या पायरीवरूनच मागें फिरतात.

हें केवळ धनुष्यापुरतेंच खरें आहे काय? अपेक्षित प्रश्नांवर भिस्त ठेवून उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी जेव्हां विषय मुळापासून समजून घेऊं लागतो, तेव्हां त्याचे गुण प्रथम घसरतात. खोट्या गोडव्यानें घर शांत ठेवणारा गृहस्थ खरें बोलूं लागला म्हणजे घरांत प्रथम भांडणें होतात. अशा वेळीं जवळच्या माणसांनीं "पूर्वींच बरें होतें" असें म्हटलें, कीं त्या बिचाऱ्याच्या सुधारणेचा तेथेंच अंत होतो. छावणींतील त्या शिक्षकांनीं चुकलेल्या बाणास शाबासकी दिली ती ह्याचसाठीं.

थोर विचारवंतांनींही धनुर्धराचा दृष्टांत ह्याच कामीं योजिला आहे. ख्रिस्तपूर्व ४५ मध्यें सिसेरोनें स्टोइक मताचें विवरण करतांना असें सांगितलें कीं, नीट नेम धरण्यासाठीं शक्य तें सर्व करणें हेंच धनुर्धराचें खरें साध्य. बाण लागणें हें हवेसें असलें तरी तें अंतिम साध्य नव्हे. कारण बाण सुटल्यावर वारा आपल्या ताब्यांत नसतो. चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस म्हणतो कीं, धनुर्धर प्रथम स्वतःस नीट करतो, मग बाण सोडतो. आणि नेम चुकला तर जिंकणाऱ्यास दोष न देतां तो आपल्यांतच कारण शोधतो. गीतेंतील निष्काम कर्माचा उपदेश तर आमच्या घराघरांत माहीत आहे. आणि तो ज्यास केला गेला तोही धनुर्धरच होता!

तथापि त्या आईचें म्हणणें इतक्यानें खोटें ठरत नाहीं. बर्लिन येथें ऑगस्ट २०२३ मध्यें जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत आमच्या महाराष्ट्राच्या दोघांनीं सुवर्णपदकें जिंकलीं: साताऱ्याची अदिती स्वामी, वय अवघें सतरा, आणि नागपूरचा ओजस देवतळे. दोघांचाही सराव साताऱ्यासच झाला होता. त्यांचें धनुष्य कंपाऊंड प्रकारचें. पण अंतिम फेरींत ओजसनें १५० पैकीं १५० गुण मिळविले आणि त्याच्या पोलिश प्रतिस्पर्ध्यास १४९ मिळाले. एका गुणानें हरलेल्याचा पवित्रा वाईट होता असें कोण म्हणेल? तरीही पदक एकासच मिळालें, आणि तसें मिळणें न्यायाचेंच होतें. मोजणी ही निर्दय असते, पण ती लबाड नसते.

लक्ष्याकडे पाठ फिरवून नुसत्या पवित्र्याची पूजा मांडली तर काय होतें, हेंही पाहिलें पाहिजे. जर्मन प्राध्यापक ऑयगेन हेरिगेल यांनीं जपानांत धनुर्विद्येचा अभ्यास करून १९४८ सालीं त्यावर एक पुस्तक लिहिलें. कित्येक वर्षें त्यांच्या गुरूंनीं त्यांस जवळच्या पेंढ्याच्या गुंडाळीवरच बाण सोडावयास लाविलें; आणि शिष्यानें बोटांची एक युक्ति काढून 'सहज' सुटका साधल्याचा देखावा केला, तेव्हां गुरूंनीं तोंड फिरविलें. ही कथा हृद्य आहे. परंतु यामादा शोजी ह्या जपानी अभ्यासकानें पुढें असें प्रतिपादिलें कीं, त्या पुस्तकांतील बरेंचसें गूढ भाषेच्या अडचणीमुळें उत्पन्न झालेलें असावें. लक्ष्याची साक्ष सोडली म्हणजे गूढाला आणि ढोंगाला सारखेंच रान मोकळें होतें. "माझें अंतःकरण शुद्ध होतें, फळ मिळालें नाहीं तर काय झालें?" असें म्हणून आपला आळस झांकणारीं माणसें आपण नित्य पाहतों.

आणि एक गोष्ट आम्हांस ह्याहूनही महत्त्वाची वाटते. ज्यास गुरु मिळत नाहीं, त्याचा न्याय कोणी करावा? एकलव्यास द्रोणांनीं नाकारलें. मातीच्या मूर्तीसमोर तो एकटाच शिकला. त्याचा पवित्रा बरोबर आहे कीं चूक हें सांगणारें त्या अरण्यांत कोणी नव्हतें. त्याचें लक्ष्य हाच त्याचा परीक्षक. आणि ह्या परीक्षकानें त्यास त्याची जात विचारली नाहीं. पुढें गुरुदक्षिणेंत काय मागितलें गेलें? धनुष्य नव्हे, बाण नव्हेत. उजव्या हाताचा आंगठा! महाभारतकार सांगतात कीं, त्यानंतर एकलव्य नुसत्या बोटांनीं दोरी ओढूं लागला, पण पूर्वींची चपळाई त्यास राहिली नाहीं. म्हणजे द्रोणांनीं हिरावून घेतला तो त्याचा पवित्राच. आमच्या भिल्ल बांधवांत आजही कित्येक जण आंगठा न लावतां दोन बोटांनीं दोरी ओढतात, आणि तें एकलव्याच्या स्मरणार्थ असें मानलें जातें.

ह्या कथेवरून दोन गोष्टी एकदमच सिद्ध होतात. पवित्रा हा केवळ अलंकार नव्हे. तेंच खरें सामर्थ्य, नाहींतर तो कोणी हिरावून घेतला नसता. आणि लक्ष्य हें केवळ लोभाचें स्थान नव्हे. माणसें अन्याय करतात तेव्हां दुर्बळाच्या बाजूनें साक्ष देणारें तें एकमेव असतें. निवड-चाचणींत बाण मोजले जावेत असा आग्रह धरणारी आई लोभी नव्हती. ज्याच्या पाठीशीं वशिला नाहीं, त्याला मोजणीवांचून दुसरा आधार कोणता?

तेव्हां 'लक्ष्य कीं पवित्रा' हा प्रश्न एकास निवडून दुसरें टाकण्याचा नव्हे. कोणत्या वेळीं कोणास विचारावें, एवढाच तो आहे. शिकत असतांना पवित्र्यास विचारावें, कारण लक्ष्य त्या वेळीं फसवूं शकतें. शिकलों असें वाटूं लागलें म्हणजे लक्ष्यास विचारावें, कारण तेव्हां आपलें मन फसवूं शकतें. एका बाणावरून कोणाचाही निवाडा करूं नये. शंभर बाण मात्र सहसा खोटें बोलत नाहींत.

त्या दिवशीं शिक्षकांनीं पुढें पेंढ्यावरील कागदच काढून टाकला, मुलास पांच पावलांवर उभें केलें आणि डोळे मिटून बाण सोडावयास सांगितलें. तासभर तेंच चाललें होतें. आई कांहीं न बोलतां पाहत होती. उन्हें उतरलीं, मुलाचा हात थरथरूं लागला, तेव्हां शिक्षकांनीं कागद पुन्हां टांचला, मुलास मूळच्या जागीं नेलें आणि तीन बाण त्याच्या हातीं दिले. मग झाडाकडे वळून ते म्हणाले, "या ताई, आतां हे तीन तुम्हीच मोजा."