त्याची लज्जा त्याच्यापाशी राहू द्या



हिवाळा आला की गावोगावच्या शाळांत स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. गेल्या वर्षी याच दिवसांत करमाडमध्ये असरच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ थांबले. ते शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी करतात. त्यांचा नववीतला मुलगा शाळेत जाण्याची टाळाटाळ करू लागला होता. एका चित्रपटगीतावर मुलामुलींच्या जोड्यांचे नृत्य बसवले जात होते आणि त्यात त्याचे नाव होते. त्याच्या मनाला ते पटत नव्हते. पण नकार देण्याचे धैर्यही होत नव्हते. वडील म्हणाले, “मौलाना, मीच त्याच्यावर रागावलो. मुलगा असून लाजतोस कसला, असे बोलून गेलो. सगळ्या वर्गात हा एकटाच वेगळा पडला, तर लोक काय म्हणतील?”

मी त्यांना एक हदीस ऐकवली. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचे हे कथन बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एक अन्सारी आपल्या भावाला त्याच्या लाजाळूपणाबद्दल बोल लावत होता. प्रेषित मुहम्मद (स.) तेथून जात होते. त्यांनी त्याला थांबवले, भावाला त्याच्या लज्जेसह असू देण्यास सांगितले आणि लज्जा हा ईमानचाच अंश असल्याचे समजावले.

ध्यानात घ्या, ज्याला बोल लावले जात होते, तो पुरुष होता. आपण मात्र लज्जा हा केवळ मुलींचा दागिना ठरवून टाकला आहे. सूरह अन्-नूरमध्ये दृष्टी संयमित ठेवण्याची आज्ञा आधी, ३०व्या आयतीत, पुरुषांना आहे. स्त्रियांना ती त्यानंतरच्या आयतीत आहे.

मराठीत आपण जनाची लाज आणि मनाची लाज असा भेद करतो. येथे वडिलांना जनाची लाज होती, मुलाला मनाची. ईमान या दोहोंच्या वर तिसरी लाज शिकवते : जो एकांतातही पाहतो, त्या अल्लाहची. कोवळ्या वयात ती अंतःकरणात उगवली असेल, तर चेष्टेने तिला खुडणारे हात निदान आपले नसावेत.

याचा अर्थ इस्लामला आनंद वर्ज्य आहे, असा नव्हे. ईदच्या दिवशी हबशी मंडळी मस्जिदीत भाल्यांचे खेळ करत होती, तेव्हा प्रेषितांनी (स.) ह. आयेशा (रजि.) यांना स्वतः ते पाहू दिले. प्रश्न आनंदाचा नाही, मर्यादेचा आहे.

नकारालाही अदब हवी. १९८५ साली केरळमधील तीन ख्रिस्ती भावंडांना शाळेतून काढण्यात आले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. परंतु आपल्या श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. ती आदराने उभी राहत होती, ही गोष्ट न्यायालयाने महत्त्वाची मानली. आपला प्रसंग तर त्याहून कितीतरी लहान. तो न्यायालयात नव्हे, शिक्षकांच्या खोलीतच सुटू शकतो.

दुसऱ्या दिवशी वडील मुलाला घेऊन वर्गशिक्षिकेला भेटले. तक्रार केली नाही, शाळेला नावे ठेवली नाहीत. मुलाची अडचण सांगितली आणि त्याला दुसरे कोणतेही काम देण्याची विनंती केली. बाईंनी त्याच्याकडे रंगमंचाच्या मांडणीचे काम सोपवले. मित्रांनी चार दिवस चिडवले. ते त्याला सोसावे लागले. पण त्या चार दिवसांत वडील त्याच्या बाजूला उभे होते.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : जे नाचले, त्यांना तुच्छ लेखू नकोस. लज्जेचा अहंकार झाला, की ती लज्जा उरत नाही.

मातापित्यांनो, आपले मूल 'मला हे नको' असे अडखळत सांगेल, तेव्हा आधी त्याचे ऐकून घ्या. मग त्याचा हात धरून शाळेत जा. 'नाही' म्हणण्याचा सारा भार चौदा वर्षांच्या खांद्यांवर टाकू नका.

हे अल्लाह, आमच्या मुलामुलींना लज्जेचे भूषण दे आणि आम्हाला त्यांचा आधार बनव. आमीन.