थेट लाभ नाही

मुलाखत सुरू करण्यापूर्वी समोरच्या माणसाला संमतिपत्र वाचून दाखवावं लागतं. पश्चिम केनियातल्या बुसिया भागात छोटे शेतकरी मका कसा साठवतात, कधी विकतात, यावर मी काम करते. तिथले आमचे सहकारी ते पत्र स्वाहिलीत वाचतात. त्यात एक वाक्य हमखास असतं: या अभ्यासातून तुम्हाला थेट लाभ होणार नाही, मात्र मिळालेल्या माहितीमुळे पुढे धोरणं सुधारायला मदत होईल. पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. दुसऱ्या अर्ध्याखाली मी कितीदा तरी सही केली, पण ब्रिटनमधल्या माझ्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीने कधी विचारलं नाही की हे तुम्हाला कशावरून माहीत. मीही स्वतःला विचारलं नाही.

थेट लाभ होतोच, फक्त तो मला होतो. निबंध छापून येतो, परिषदेचं निमंत्रण येतं, बढती मिळते. मुलाखत देणाऱ्या बाईच्या दुपारचा एक तास गेला, त्याबद्दल तिला साबणाची वडी किंवा साखर. २०१४ पासून ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या मूल्यांकनात संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला याचेही गुण असतात; त्या वर्षी २० टक्के होते, २०२१च्या फेरीत २५ झाले. कल्पना चांगली. पण परिणामाचा पुरावा म्हणून काय चालतं? मंत्रालयाचं पत्र, आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अहवालातला उल्लेख. अशी प्रकरणं तयार करायला मीही बसले आहे. ज्यांच्या मक्याच्या पोत्यांवर सगळी इमारत उभी, त्यांच्यापैकी कुणाला विचारावं असं त्या बैठकीत कुणीच सुचवलं नाही. मीसुद्धा नाही.

विकास अध्ययनाच्या वर्गात सत्राच्या सुरुवातीला मी रॉबर्ट चेंबर्स शिकवते. ससेक्सच्या विकास अध्ययन संस्थेत आयुष्य घालवलेल्या या माणसाने १९८३च्या पुस्तकात तज्ज्ञांच्या खेडेभेटींची झाडाझडती घेतली. गाडी डांबरी रस्ता सोडत नाही, पाहुणा पुढाऱ्यांशी बोलतो, पुरुषांशी बोलतो, आणि येतो तो नेहमी बरा हंगाम पाहून. विद्यार्थी हसतात. मीही त्यांच्यासोबत हसते. मग माझं स्वतःचं वेळापत्रक पाहा. बुसियात मार्चमध्ये मोठा पाऊस लागतो, पेरणी होते, आणि नवा मका जुलै-ऑगस्टमध्ये घरात येतो. त्याआधीचे एप्रिल ते जून हे ओढग्रस्तीचे महिने, जुनं संपलेलं आणि नवं शेतात उभं. नेमका तेव्हा मी प्रबंध आणि उत्तरपत्रिका तपासत असते. सुट्टी लागली की विमानात बसते. म्हणजे भूक मोजायला मी सुगीत जाते.

यावर आम्ही तोडगा काढला आहे: मे महिन्यात फोनवरून प्रश्न विचारायचे. त्यात ज्यांचा फोन बंद असतो ते गळतात, आणि मे महिन्यात फोन कुणाचा बंद असतो हे वेगळं सांगायला नको. निबंधात त्याबद्दल तळटीप असते. चेंबर्स वाचून माझ्या तळटिपा सुधारल्या, विमानाची तारीख तीच राहिली.

आमच्या धंद्याची कुळकथा वसाहतीच्या काळात जाते, हे आता कुठल्याही विद्यापीठात पहिल्या आठवड्यात सांगतात. सांगून झालं की आपण त्यातले नाही असा एक सूक्ष्म सुटकेचा भाव वर्गात पसरतो. मला त्या कुळकथेतलं एक प्रकरण जास्त सतावतं, कारण ते पुणे जिल्ह्यात घडलं. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांसाठी हेलीबरीला कॉलेज काढलं होतं आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला खुद्द माल्थस होता. त्याचा विद्यार्थी रॉबर्ट कीथ प्रिंगल. पेशवाई बुडून दहाएक वर्षं झाली तेव्हा दख्खनच्या जमिनीची पाहणी याच्याकडे आली. वर्गात शिकलेला खंडाचा सिद्धांत त्याने जसाच्या तसा शेतावर आणला: जमिनीचा कस पाहायचा, लागवडीचा खर्च वजा करायचा, निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याच्या ५५ टक्के सारा. कागदावर याहून न्याय्य काही असू शकत नाही. प्रत्यक्षात मोजणीत चुका झाल्या, खालच्या कर्मचाऱ्यांनी हात धुऊन घेतले, धान्याचे भाव पडले आणि सारा झेपेनासा झाला. इंदापूर तालुक्यात जमिनी पडीक पडल्या, कुणबी गावं सोडून निजामाच्या हद्दीत गेले. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना त्याच तालुक्यात नव्याने, कमी दराने मोजणी करावी लागली.

हा माणूस दुष्ट नव्हता. कष्टाळू होता, प्रामाणिक होता, त्या काळच्या उत्तम सिद्धांतात तयार झालेला होता. थोडक्यात, मी माझ्या विद्यार्थ्यांना जसं घडवू पाहते तसा. आणि त्याचं पुढे काय झालं? १८४७ साली प्रिंगल सिंधचा कमिशनर झाला. सिद्धांत चुकला त्याची किंमत इंदापूरच्या कुणब्याने भरली. प्रिंगलच्या कारकिर्दीला ओरखडाही आला नाही.

माझ्याकडे सारा वसूल करायची सत्ता नाही, हे खरं. पण आज आमच्या विषयातल्या प्रयोगांना सत्ता उसनी मिळते. नैरोबीच्या कायोले-सोवेतो वस्तीत पाण्याची बिलं थकवणाऱ्या घरमालकांपैकी कुणाला नोटीस देऊन जोडणी तोडायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून एक प्रयोग झाला. वसुली वाढते का ते पाहायचं होतं. २०२०मध्ये तो निबंध बाहेर आला तेव्हा बरंच वादळ उठलं. पाणी तोडणं हा पाणीपुरवठा कंपनीचा अधिकारच होता, असा खुलासा लेखकांनी केला. मी त्या वेळी रागावले होते. वर्गात तो प्रयोग आजही उदाहरण म्हणून घेते आणि माझा राग मला बराच स्वस्तात पडतो. कारण मूळ प्रश्न पाण्याचा नळ तोडण्यापुरता नाही. आपण चुकलो तर आपलं काय जातं? माझ्या संपूर्ण विषयात या प्रश्नाचं उत्तर एकच आहे: काही नाही. उलट चूक सापडली तर तिच्यावर आणखी एक निबंध होतो.

इथे ब्रिटनमध्ये मी ‘दक्षिणेचा आवाज’, म्हणजे गरीब देशांचा आवाज, म्हणून मिरवते, तेही तपासायला हवं. विभागाच्या माहितीपत्रकावर माझा फोटो आहे तो माझ्या संशोधनापेक्षा माझ्या रंगामुळे, हे मला कळतं आणि मी तो काढायला सांगितलेला नाही. बुसियाच्या बाजारात मी मुहिंदी, म्हणजे भारतीय वंशाची, असते. माझं किसुमू शहरात दुकान असणार अशी लोकांची समजूत होते आणि मला वाटतं ती माझ्या फोटोपेक्षा सत्याच्या जवळ आहे. मी डोंबिवलीत वाढले. दुष्काळ आमच्या घरात गोष्टींतून आला: बहात्तर साली रेशनवर मिळालेला तांबडा मिलो आणि त्याच्या न फुगणाऱ्या भाकऱ्या. आमच्या घरात कुणी खडी फोडायला गेलं नव्हतं. भूक मला भाषेतून कळते. भाषा चांगली असल्यामुळे ते लोकांच्या लक्षात येत नाही.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राने जगाला दिलेली गोष्ट मी दर वर्षी अभिमानाने शिकवते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोग सुरू झाला, दुष्काळाने तो राज्यभर नेला आणि १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसे मिळाले. माझ्या वडिलांच्या पगारातून दरमहा कापला जाणारा तो कर घरात कुरकुरीचा विषय होता. योजनेत खोटी मस्टरं निघाली, मजुरी महिनोन्महिने रखडली, कंत्राटदार शिरले, हे सगळं झालं. पण काम मागितलं आणि मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल असं कायद्यात लिहिलं होतं. म्हणून बायका तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकल्या, नाव घेऊन जाब विचारू शकल्या. चुकणाऱ्याला काहीतरी मोजावं लागेल, अशी तरतूद तरी होती. हे मी पडद्यावर दाखवते आणि ‘सामाजिक सुरक्षा’ या मथळ्याखाली पुढच्या चित्राकडे जाते. बुसियातली बाई माझ्या विद्यापीठावर मोर्चा आणू शकेल अशी एकही तरतूद माझ्या कुठल्याही प्रकल्पात नाही. तिला माझं आडनावही माहीत नसतं. संमतिपत्रावरचा फोन नंबर नैरोबीतल्या कार्यालयाचा असतो.

२०२५ साली अमेरिकेने आपली मदतसंस्था मोडीत काढली आणि ब्रिटनने मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७पर्यंत ०.३वर आणायचं जाहीर केलं. अमेरिकेच्या पैशावर १९८४ पासून अनेक देशांत चालत आलेला लोकसंख्या व आरोग्य पाहणी कार्यक्रम थांबला. आमच्या विभागात सुतक पडल्यासारखं झालं. आम्ही हळहळलो ते कशासाठी, हे मी नंतर आठवून पाहिलं. आकडेवारीची मालिका तुटली म्हणून, अर्ज मंजूर झालेले प्रकल्प अडकले म्हणून, नोकऱ्या जातील म्हणून. दवाखान्यांत औषधं थांबली हेही बोललो, पण क्रमाने ते नंतर आलं.

नोकऱ्यांची भीती घालवायचा विद्यापीठांचा उपाय ठरलेला आहे: परदेशी विद्यार्थी वाढवा. पदव्युत्तर वर्गात त्यांचं शुल्क ब्रिटिश विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. माझ्या वर्गात नायजेरिया, घाना, बांगलादेश, भारत यांतून आलेली मुलं बसतात आणि त्यांच्याच देशांतल्या गरिबीबद्दल माझ्याकडून ऐकतात. २०२३मध्ये नायजेरियाचा नायरा कोसळला तेव्हा शुल्काचा उरलेला हप्ता त्यांच्या घरच्यांसाठी रातोरात वाढला. जानेवारी २०२४ पासून अशा अभ्यासक्रमाला येणाऱ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत आणायला बंदी झाली. माझा पगार यांच्या कर्जातून येतो. मदतीचा प्रवाह गरीब देशांकडे वाहतो असं मी ज्या वर्गात शिकवते, त्याच वर्गात तो उलटा वाहताना मला दिसतो.

नोकरी मी सोडणार नाही. मुलाचं शिक्षण आहे, घराचे हप्ते आहेत, आणि खरं सांगायचं तर हे काम मला आवडतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथे जाता यावं म्हणून तपासणीचं काम बदलून मागितलं आहे. निष्कर्ष छापायला पाठवण्याआधी बुसियात वाचून दाखवायचे आणि तिथे खोडून निघाले तर तसंच छापायचं, असं सहकाऱ्यांशी ठरवलं आहे. मुलाखती घेणाऱ्यांची नावं आभारातून लेखकांत येतील. याने काय बदलेल ते मी संमतिपत्रातल्या वाक्यासारखं आधीच लिहून देणार नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात आहे. पुण्याहून, लातूरहून, नागपूरहून मुलामुलींची पत्रं येतात: विकास विषयात ब्रिटनला शिकायचं आहे, कर्ज मंजूर झालंय, काय करू? आजवर मी त्यांना गोलमोल प्रोत्साहन देत आले. यापुढे माझं उत्तर असं असेल: पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर या, इथलं ग्रंथालय उत्तम आहे. घर गहाण टाकून येणार असाल तर येऊ नका. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, पुण्यात गोखले संस्था आहे, तिथे शिका. तिथे तुम्ही चुकलात तर ज्यांच्याबद्दल लिहिलंत ती माणसं एस.टी.ने येऊन तुम्हाला गाठू शकतात.