निजेला धोंडा

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं जुने लोक म्हणत आले. 'शब-ए-मालवा' हा आमच्या मुलखाचा पिढीजात मान. दिवसभर काळी माती कितीही तापली तरी रात्री गच्चीवर गार वारा सुटतो आणि माणूस बोलता बोलता झोपी जातो. अशा मुलखात राहून एखाद्याला झोप येऊ नये ही नामुष्कीच म्हणायची. ती नामुष्की माझ्याच घरात कित्येक वर्षं मुक्कामाला होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

आम्ही कन्नौदचे. इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, देवास जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. पूर्वी होळकर संस्थानात होतं, त्या काळात आमचे पणजोबा कारकुनीच्या निमित्तानं इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात मराठी आणि ओटा उतरलं की हिंदी-माळवी, असा आमचा चार पिढ्यांचा परिपाठ. घरातल्या मराठीत ज्या म्हणी शिल्लक राहिल्या त्यांत वडिलांची आवडती एकच: भुकेला कोंडा, निजेला धोंडा. ती म्हणत ते लाकडी तख्तावर सतरंजी टाकून झोपत. त्यांच्यामागे ते तख्त माझ्याकडे आलं आणि म्हणही आली. शाळेत मी मुलांना हेच सांगत असे. गादी हवी ती आळशाला, कष्ट करणाऱ्याला फळी पुरते. लग्न झाल्यावर दुसरं तख्त करवून घेतलं. तेही तसंच, उघड्या फळ्यांचं. घरात कापसाच्या दोन चांगल्या गाद्या होत्या, त्या पाहुण्यांसाठी कपाटावर गुंडाळून ठेवलेल्या असत.

चार वर्षांपूर्वीच्या पौषात एका रात्री मला अवेळी जाग आली. शेजारचं तख्त रिकामं होतं. स्वयंपाकघरात दिवा नव्हता, पण चुलीच्या जुन्या कट्ट्याजवळ, जमिनीवर, दोन गोधड्या, एक रजई आणि त्यांवर चारपदरी घातलेली धोतरं अशा थरावर सौभाग्यवती गाढ झोपलेली दिसली. सकाळी विचारलं तेव्हा ती ओशाळली. जणू चोरी पकडली गेली होती! म्हणाली, "अहो, कूस पाठीला लागते. तुम्हांला झोप लागली की मी इकडे येते. पहाटे तुमच्याआधी उठून आवरून ठेवते."

"कधीपासून?"

तिनं हिशेब केला आणि म्हणाली, "धाकट्याच्या वेळी पाठ धरली होती ना, तेव्हापासून."

आमचा धाकटा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

मी रागावलो. आधी तिच्यावर, की बोलली का नाहीस म्हणून. तो राग अर्ध्या दिवसातच उतरला, कारण उत्तर मलाच ठाऊक होतं. ती बोलली असती तर मी तिला ती म्हण ऐकवली असती. खरं तर सुरुवातीला एकदा ती बोललीही होती आणि मी ऐकवलीही होती.

मग आम्ही इंदूरला गेलो. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून औषध, व्यायाम सांगितला आणि विचारलं, "झोपता कशावर?" मी अभिमानानं म्हटलं, "फळीवर. कडक बिछाना पाठीला चांगला ना?" ते हसले. म्हणाले, पूर्वी आम्हीही सर्वांना तेच सांगत असू. मग त्यांनी स्पेनमध्ये झालेल्या एका अभ्यासाची हकिगत सांगितली. २००३ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. जुनी कंबरदुखी असलेली ३१३ माणसं. निम्म्यांना कडक गादी दिली, निम्म्यांना मध्यम कडक. कोणाला कोणती हे त्यांना सांगितलं नव्हतं. नव्वद दिवसांनी पाहिलं तेव्हा मध्यम गादीवरच्यांचं दुखणं अधिक कमी झालेलं होतं. कारणही सोपं आहे. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा आत गेला तरच मणका सरळ राहतो. फळी काही आत जाऊ देत नाही, म्हणून पाठ रात्रभर वाकडी राहते. फार मऊ गादीत उलट होतं, सगळं अंगच खाली जातं आणि पाठीची झोळी होते. मी जन्मभर पाठीवर झोपणारा. मला फळी मानवली म्हणजे सगळ्यांना मानवते, हे माझं शास्त्र!

तिथून आम्ही गाद्यांच्या दुकानात गेलो. गादी या शब्दाला आमच्याकडे भारी वजन. देवासला तर पवारांच्या दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच शहरात दोन राज्यं नांदली. पण त्या दुकानात जितक्या गाद्या होत्या तितक्या साऱ्या माळव्यात मिळून नसतील. दुकानदारानं एकेक दाबून दाखवली. काथ्याची, म्हणजे नारळाच्या सोडणाचे तंतू रबराच्या चिकानं सांधून केलेली. अंगाला कडक, आतून हवा खेळणारी, पण काही वर्षांनी मधोमध खोलगट होणारी. फोमची, हलकी आणि स्वस्त. ज्या रसायनापासून हा फोम होतो ते पॉलियुरेथेन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधलं. याच्यात घनता पाहायची, दाट असेल तो टिकतो, विरळ लवकर बसतो. स्प्रिंगची, तिच्यात एकानं कूस बदलली की दुसरा हलतो. म्हणून आता प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवतात. लॅटेक्सची, रबराच्या झाडाच्या चिकाची, टिकाऊ आणि महाग. काहींवर 'ऑर्थोपेडिक' असं ठळक छापलेलं होतं. तसं छापलं म्हणजे डॉक्टरनं तपासून दिली असा त्याचा अर्थ नसतो, हे आता मला कळलं आहे.

दुकानदारानं मला विचारलं, "बाबूजी, कौनसी दे दूँ?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. बायको शेजारी उभी होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "तू आडवी होऊन बघ." भर दुकानात ती कशी आडवी होणार? ती नुसती हातानं दाबून पाहत राहिली, भाजीवालीकडे वांगी दाबून पाहते तशी. आम्ही काही न घेता परत आलो.

ही हकिगत पुण्याच्या चिरंजीवांना कळली. आठ दिवसांत दारात एक लांबट खोका. आत गुंडाळून, हवा काढून भरलेली मेमरी फोमची गादी. पिशवी कापली तशी ती जिवंत असल्यासारखी फुगत गेली. हा फोम १९६६ साली अमेरिकेच्या 'नासा'साठी, विमानातल्या आसनांकरिता तयार झाला. अंगाच्या उबेनं तो मऊ होतो आणि अंगाचा आकार घेतो. मुलानं प्रेमानं पाठवलेली, चांगल्या किमतीची वस्तू. सौभाग्यवती त्यावर चार रात्री झोपली आणि पाचव्या दिवशी मला हळूच म्हणाली, "त्याला सांगू नका. पण गाळात रुतल्यासारखं होतं. आणि वैशाखात काय होईल हिच्यावर?"

त्या क्षणी मला माझा मुलगा माझाच मुलगा वाटला. मी तिला कडक बिछाना दिला, त्यानं मऊ दिला. तिला कसा हवा, हे दोघांनीही विचारलं नाही.

इथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. मग कठोर शय्येचं जे माहात्म्य आपण ऐकत आलो ते सगळं खोटं का? तसं म्हणता येत नाही. आमच्या तालुक्याच्या खाली नर्मदा आहे. नेमावरच्या घाटावर परिक्रमावासी येतात, धर्मशाळेच्या फरशीवर कांबळं टाकून झोपतात. त्याच नेमावरला जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. दिगंबर मुनी जमिनीवर किंवा फळीवरच पाठ टेकतात. बौद्ध उपासकही उपोसथाच्या दिवशी उंच आणि थोर शय्या वर्ज्य करतात. या माणसांच्या फळीपुढे मी आजही हात जोडतो. पण त्यांची फळी त्यांनी स्वतः स्वीकारलेली असते, आणि ती दुसऱ्याच्या पाठीखाली सरकवायला ते निघालेले नसतात.

महाभारतातला प्रसंग आठवा. भीष्म शरशय्येवर पडले, मस्तक लोंबू लागलं. त्यांनी उशी मागितली तेव्हा राजे धावत मऊ, उंची उशा घेऊन आले. भीष्मांनी त्या परत केल्या आणि अर्जुनाकडे पाहिलं. अर्जुनानं तीन बाण मारून त्यांच्या मस्तकाला आधार दिला आणि पितामह तृप्त झाले. ही गोष्ट मी वर्गात शौर्याची म्हणून शिकवली. आता वाटतं, ती शुश्रूषेची गोष्ट आहे. राजांनी स्वतःला आवडली असती ती उशी आणली. अर्जुनानं निजलेल्या माणसाला हवी होती ती दिली. एरवी बाण काय आणि कापूस काय! निवाडा करायचा तो निजणाऱ्यानं.

आणि मग त्या म्हणीचं काय? भुकेला कोंडा, निजेला धोंडा. ही म्हण दमलेल्या माणसानं स्वतःविषयी म्हटली तर तिच्यात मौज आहे, धीर आहे. मी ती कोणाकोणाला ऐकवली हे आठवत गेलो तेव्हा मात्र अंगावर काटा आला. आमच्या शेतावर एक हाली होता. हाली म्हणजे तुमचा सालदार. गव्हाच्या राखणीला रात्री खोपटात झोपायचा. एका थंडीत त्यानं घरातली जुनी गादी मागितली. कपाटावर दोन गाद्या होत्याच. मी हसत हसत त्याला ती म्हण हिंदीत समजावून सांगितली. तोही हसला. मालकाच्या विनोदावर हसावं लागतं. पुढच्या साली तो दुसरीकडे लागला आणि नंतर वारल्याचं कळलं. ज्याला स्वतःची गादी आहे त्यानं दुसऱ्याला निजेला धोंडा म्हणणं, यात साधेपणा नाही. त्यात बचत आहे, आणि ती दुसऱ्याच्या हाडांतून केलेली आहे. माझ्या तत्त्वाची किंमत मी कधीच दिली नव्हती. माझी पाठ तर उत्तम होती. किंमत दिली ती बायकोनं आणि त्या हालीनं.

शेवटी गादी कोणती घेतली, हे सांगायचं राहिलं. सौभाग्यवतीनं स्वतःच ठरवलं. खाली काथ्याची पातळ आणि तिच्यावर कापसाची. कपाटावरच्या गाद्या काढल्या तर कापसाचे गोळे झालेले. पूर्वी पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन, तार छेडत गल्लीतून जायचे, आता बाजारात यंत्र आहे. मी म्हटलं, हा कापूस मेला, नवा घेऊ. तिथल्या म्हाताऱ्या पिंजाऱ्यानं एक गोळा बोटांत उकलून पाहिला आणि म्हणाला, "रुई मरती नहीं बाबूजी, सो जाती है. धुन दूँगा तो जाग जाएगी." एकेकाळी आमच्या शिवारात कापूस पुष्कळ असे, आता नजर जाईल तिथे सोयाबीन आहे. हा कापूस त्या जुन्या दिवसांतला. पिंजून वर आला तेव्हा दुप्पट दिसू लागला. कापसाच्या गादीला उन्हाचे लाड लागतात, दर पंधरवड्याला गच्चीवर न्यावी लागते. ते काम आता माझ्याकडे आहे. मेमरी फोम पाहुण्यांसाठी ठेवला आहे. चिरंजीव येतात तेव्हा त्यावर छान झोपतात.

मी अजून फळीवरच झोपतो. मला झोप येते. पण त्याचं व्याख्यान देणं बंद केलं आहे.

पिंजाऱ्याकडे एक गादी होईल इतका कापूस उरला होता. आमच्या आळीत रात्री राखणीला एक वयस्क माणूस असतो, बंद दुकानाच्या ओट्यावर पोतं टाकून पडतो. त्याला द्यावी असं ठरलं. चांगली जाड भरून द्या, असं मी पिंजाऱ्याला सांगणार होतो. जीभ आवरली आणि आधी त्या माणसाकडे गेलो. "कैसी चाहिए, मोटी या पतली?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. गादी मिळणार यापेक्षा कोणीतरी विचारतं आहे याचंच त्याला नवल वाटलं असावं. मग नीट विचार करून म्हणाला, "पतली बनवा दो बाबूजी. सुबह समेटकर रखनी पड़ती है."

मी जाडच भरून घेतली असती.