सोनीची सात पिल्लं

खुटबावच्या आबांना पंचक्रोशीत दोन गोष्टींसाठी मानायचे. एक त्यांचा ऊस आणि दुसरा राजा. राजा म्हणजे त्यांचा लॅब्रेडॉर नर. फिकट पिवळा, रुंद छातीचा, प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या बापाचा. त्याचा वंशावळीचा कागद काचेत घालून ओसरीवर लावलेला. त्याची पिल्लं हडपसरला गेली, वाघोलीला गेली, पार बारामतीपर्यंत गेली. मादी व्यायच्या आधीच लोक इसार पाठवायचे. आबा वहीत नाव, गाव, फोन, रक्कम टिपून ठेवायचे आणि दिलेला शब्द पाळायचे. पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय विकायचं नाही, हा नियम सरकारने 2017 साली केला. आबा तो त्याआधीपासून पाळत होते. हे मुद्दाम सांगतो, कारण ही गोष्ट लबाड माणसाची नाही.

चांगल्या रक्ताला बाहेरचं रक्त लावायचं नाही, ही आबांची श्रद्धा होती. राजाची लेक चंपी मोठी झाली तेव्हा त्यांनी तिला राजाच लावला. पुढे एका पावसाळ्यात उसाच्या कडेवरून बिबट्याने चंपीला नेलं. तोवर दुसऱ्या मादीपासून झालेली राजाची लेक सोनी वयात आली होती. तिलाही राजाच. "सोन्यात तांबं कशाला मिसळायचं?" असं ते म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याला पटायचंही. जगभर कुत्र्यांच्या कितीतरी जाती अशाच जवळच्या नात्यातल्या जोड्या लावून पक्क्या झाल्या आहेत. रंग, चण, स्वभाव असा टिकतो खरा. पण त्याबरोबर आणखी काय काय टिकतं, ते डोळ्यांना दिसत नाही.

सोनी सात पिल्लं व्याली त्याच आठवड्यात हडपसरचे एक निवृत्त मास्तर भाड्याची गाडी करून दारात उभे राहिले. सोबत ब्रूनो. चंपीच्या वेतातला, पाच वर्षांचा, बापासारखाच देखणा. दिवस मावळत होता. ब्रूनो अंगणात उतरला, शेपटी हलवत आबांकडे निघाला आणि मधल्या बाजेच्या पायाला धडकला. मागे सरला, पुन्हा निघाला. ओसरीच्या पायरीपाशी थांबून त्याने पुढचा पाय हवेत चाचपडला, मगच टेकवला. आबांनी त्याचं तोंड हातात धरून दिव्याकडे वळवलं. उजेड समोर असूनही बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या राहिल्या होत्या आणि आतून हिरवट चमकत होत्या.

"दिवसा बरा असतो," मास्तर म्हणाले. "अंधार पडला की जिना उतरत नाही. मला वाटलं, हट्टीपणा करतोय. दोन-तीनदा मारलंय हो मी त्याला."

आबा म्हणाले, कुठंतरी आपटला असेल, डोक्याला मार बसला असेल. राजा नऊ वर्षांचा झाला तरी रात्री उसातून उंदीर धरून आणतो, त्याच्या पोराच्या डोळ्यांत खोट कुठून येईल? पण मास्तरांना तसं परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः ब्रूनोला घेऊन केडगावच्या डॉक्टरताईंकडे गेले. या ताई शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून आलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ ब्रूनोचे डोळे पाहिले.

"आबा, मार नाही लागलेला. डोळ्याच्या मागचा पडदा झिजत चाललाय. अंधारात बघणाऱ्या पेशी आधी जातात, मग उजेडातल्या. यावर औषध नाही. आणि हे बहुतेक राजा आणि चंपी, दोघांकडून आलंय."

लॅब्रेडॉर, पूडल, कॉकर स्पॅनियल अशा अनेक जातींत हा रोग आढळतो. त्यामागचा जनुकातला बदल कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2006 साली शोधून काढला. एवढ्या लांबलचक मजकुरातलं एक अक्षर बदललेलं, बस. तोच बदल त्यांना बांगलादेशातल्या एका अंध होत चाललेल्या माणसातही सापडला होता. प्रत्येक पिल्लाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत खराब आणि एक चांगली असेल तर कुत्र्याला जन्मभर स्वच्छ दिसतं. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही खराब मिळाल्या तर काही वर्षांनी डोळे जातात. लॅब्रेडॉरमध्ये हे सहसा तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या सुमाराला कळतं, म्हणजे पिल्लू विकून, पैसे खर्चून झाल्यावर.

"राजाला बाहेरची निर्दोष मादी लावली असती तर एकही पिल्लू आंधळं झालं नसतं," ताई म्हणाल्या. "पण वाहकाच्या निम्म्या लेकी वाहक निघतात. त्यांना पुन्हा बापच लावला की चारात एक पिल्लू असं निघायचं."

आबा घरी आले ते गप्पच. पोटात कालवाकालव होती, पण मन मानत नव्हतं. ज्याला सगळं दिसतं त्याच्यात आंधळेपण आहे, हे कसं मानायचं?

ते मानायला लावलं त्यांच्या मेव्हण्याने. मेव्हणा फलटणकडचा, मेंढरं राखणारा. कुत्र्यांच्या धंद्यात त्याला गम्य नव्हतं, पण सगळं ऐकून तो म्हणाला, "दाजी, त्यात काय नवल? आम्ही मेंढा रक्त तपासूनच घेतो की."

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं हे काम. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गारोळ मेंढी अंगाने अगदी लहान, पण दोन-दोन, तीन-तीन कोकरं देणारी. ती जुळी देण्याची शक्ती एका जनुकात आहे. हाच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही आहे आणि तो तिकडे गेला अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून नेलेल्या मेंढ्यांतून. 2001 साली हा जनुक नेमका कोणता ते कळलं आणि थेट तपासणी करता येऊ लागली. फलटणच्या संस्थेने गारोळ आणि दख्खनीचा संकर करत, पिढ्यान् पिढ्या तपासून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या कामात त्यांच्या सोबत होती.

मेव्हण्याला यातला इतिहास फारसा ठाऊक नव्हता. त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. "मेंढा काय स्वतः वितो का? त्याच्याकडं बघून काय कळणार जुळ्याचं? दोन मेंढे शेजारी उभे करा, मला सांगता यायचं नाही. कळतं ते त्याच्या लेकी व्यायल्यावर. तोवर तीन वर्षं गेली. म्हणून रक्त बघायचं. तुमचा राजा तसाच. त्याचं त्याला काही नाही, त्याच्या लेकींच्या पोटी दिसायचं."

आबांनी दुसऱ्या दिवशी डॉक्टरताईंना फोन केला.

तपासणी म्हटल्यावर आबांच्या धाकट्या लेकाला वाटलं होतं, सुई, रक्त, आरडाओरडा. प्रत्यक्षात एक कापसाची काडी. खाणं झाल्यावर तासभर काही द्यायचं नाही, मग ओठ उचलून गालाच्या आतून काडी घोळवायची, वाळू द्यायची, पाकिटात घालायची. राजाने काडी चाटायचा प्रयत्न केला, एवढाच काय तो त्रास. पिल्लांचं मात्र जड गेलं. अंगावर पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी असू शकतात, म्हणून आधी काही वेळ त्यांना सोनीपासून वेगळं ठेवायचं होतं. सात पिल्लं टोपलीत घालून धाकटा ओसरीवर बसला आणि आत कोंडलेली सोनी दार खरवडत राहिली. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता आणि पाकिटावर तोच रंग लिहिला होता, अदलाबदल होऊ नये म्हणून.

निकाल यायला वेळ होता. तेवढ्यात या धंद्यातला एक जुना मित्र येऊन गेला. आबांचं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "तपासायला दिलंच कशाला? निकाल आला तर पेटीत ठेव. डोळे जातात चार-पाच वर्षांनी. तोवर पिल्लू तुझं राहतं का? लोक पिल्लू बघून घेतात, आणि तुझी पिल्लं बघायला एक नंबर आहेत."

आबा त्याला काही बोलले नाहीत. सातही पिल्लांचा इसार येऊन उसाच्या बेण्यात आणि मजुरीत गेला होता. परत द्यायचा तर हातउसने घ्यावे लागणार होते. मला वाटतं, गोष्ट इथेच खरी अडते. तोवर आबांच्या हातून जे झालं ते नकळत झालं होतं, आणि नकळत झालेल्याला माणूस फार तर हळहळतो. पण पाकिटं टपालात पडल्या दिवसापासून नकळत हा शब्द त्यांच्या उपयोगाचा उरला नव्हता.

आक्का, त्यांची कारभारीण, रात्री भाकऱ्या करता करता एवढंच म्हणाली, "मास्तरांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं तुम्हाला. आता सात जणांच्या तोंडाकडं बघायचंय का?"

निकाल आला. राजा वाहक. सोनी वाहक. सात पिल्लांत एक निर्दोष, चार वाहक आणि दोघांच्या दोन्ही प्रती खराब: हिरव्या दोऱ्याची मादी आणि तांबड्या दोऱ्याचा नर. त्या वेळी ती दोघं एकमेकांचे कान ओढत होती. सातांतली सगळ्यांत धीट हीच दोघं.

आबांनी वही काढली. आधी सातही इसारवाल्यांना फोन करून जसं आहे तसं सांगितलं. तिघांनी पैसे परत मागितले. ते त्यांना उसने काढून आठवड्यात मिळाले. बाकीच्यांनी विचारलं, वाहक म्हणजे आजारी का? आबा आता ठामपणे सांगू लागले होते: आजारी नाही, याला आयुष्यभर दिसेल, फक्त याची जोड न तपासलेल्या कुत्र्याशी लावू नका. चौघांनी ते ऐकून, निकालाचा कागद हातात घेऊन वाहक पिल्लं नेली. निर्दोष पिल्लू आबांनी घरीच ठेवलं, आणि हिरव्या-तांबड्या दोऱ्याची दोघंही.

मग जुनी पानं. चंपीच्या वेतात आठ पिल्लं झाली होती. ब्रूनो धरून आठ नावं. दोन फोन बंद. एक कुत्रा मागेच गेलेला. एकाने आबांना भरपूर ऐकवलं आणि आबांनी ते ऐकून घेतलं. दोघांची कुत्री ठणठणीत होती. त्यांना काडी कशी फिरवायची ते सांगितलं. आठवा वाघोलीचा. तो म्हणाला, "बरं झालं फोन केला. माजलाय तुमचा कुत्रा. रात्री हाक मारली तर जागचा हलत नाही, कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. रानात साखळीला टाकलाय."

आबा डॉक्टरताईंना घेऊन त्याच दिवशी वाघोलीला गेले. तेच डोळे, तीच हिरवट चमक. कुत्र्याला रात्री काहीच दिसत नव्हतं. अंधारातून अचानक अंगावर येणाऱ्या हाताला तो गुरगुरत होता. ताईंनी मालकाला समजावलं: जवळ जाण्याआधी आवाज द्या, घरातलं सामान हलवू नका, पाण्याचं भांडं एकाच जागी ठेवा, बिबट्याचा भाग आहे तेव्हा रात्री आत घ्या. माणूस वाईट नव्हता. त्याने तिथल्या तिथे साखळी काढली आणि कुत्र्याला नावाने हाक मारत घरापर्यंत चालत नेलं.

परतताना आबा म्हणाले, आता सोनीची नसबंदीच करून टाकू, हे रक्त पुढे नकोच. ताईंनी अडवलं. आफ्रिकेतल्या बसेंजी कुत्र्यांचं उदाहरण त्यांनी दिलं. अमेरिकेत 1970 च्या दशकात त्या जातीत रक्तक्षयाचा एक आनुवंशिक रोग होता. पाळणाऱ्यांनी तपासून वाहक कुत्री वंशातून सरसकट काढून टाकली. तो रोग हटला, पण जात इतकी आकसली की डोळ्यांचे आणि मूत्रपिंडाचे दुसरे रोग वर आले. शेवटी 1987 आणि 1988 साली लोक आफ्रिकेत जाऊन नवी कुत्री घेऊन आले. "वाहक हा गुन्हेगार नाही, आबा. त्याला निर्दोष जोडीदार द्या आणि कागदावर खरं लिहा. मग त्याच्यातलं चांगलं वाया जात नाही."

राजाची जोड आबांनी त्यानंतर कधी लावली नाही. सोनीला वर्षभर विश्रांती दिली आणि मग पुण्याचा एक नर आणला, नात्यातला नसलेला, तपासून निर्दोष निघालेला. मित्राच्या दारात मात्र अजून न तपासलेल्या जोड्या लागतात आणि पिल्लं विकली जातात. त्याचा धंदा आबांपेक्षा मोठा आहे.

सोनीला या खेपेला आठ पिल्लं झाली. पाच वाहक, तीन निर्दोष. या रोगाने त्यांतलं एकही आंधळं होणार नाही, आणि आठही पिल्लांच्या कागदावर आबांनी निकाल लिहून दिला आहे.