जात्याला टाकी लावावीच लागते



टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, हे आपण अनेकदा ऐकले आहे. पण त्याच खाणीतल्या दुसऱ्या दगडाचा विचार आपण क्वचितच करतो. त्याची मूर्ती होत नाही. त्याचे जाते होते, पाटा-वरवंटा होतो, उखळ होते. त्याला कोणी हार घालत नाही. पण त्याच्या आधारावर घर जेवते.

दख्खनच्या पठारावरचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. तो घट्ट असतो, म्हणून दळायला-वाटायला टिकतो. पाथरवट आणि वडार कारागीर छिन्नी-हातोड्याने त्याला आकार देतात आणि शेवटी त्यावर टाकीने बारीक खाचा पाडतात. दळण होते ते या खाचांमुळे. त्या नसतील तर दाणा नुसता घसरत राहतो.

मूर्ती एकदा घडली की तिला पुन्हा टाकी लागत नाही. जात्याचे तसे नाही. दळता दळता दोन्ही दगड झिजून गुळगुळीत होतात. जाते फिरते, घरघर ऐकू येते, पण पीठ जाडेभरडे पडते. म्हणूनच टाकी लावणारे गावोगाव हाक देत फिरत.

आपलीही साधना रोजच्या सवयीने अशीच गुळगुळीत होते. क्षमेवरचे प्रवचन ऐकून आपण प्रसन्न मनाने घरी येतो आणि सख्ख्या भावाशी धरलेला अबोला तसाच राहतो. जाते फिरले, पीठ पडले नाही. धोका हा की या गुळगुळीतपणालाच आपण शांती समजू लागतो.

मग टाकी कोण लावणार? बहुतेक वेळा घरचेच. मुलगी विचारते, “आई, सत्संगात तू सगळ्यांशी गोड बोलतेस, मग घरी का नाही?” हा घाव आहे. तो चुकवू नका.

टाकी लावल्यानंतरचे पहिले वाटण मात्र कोणी खात नाही, कारण त्यात दगडाची कच येते. मूठभर तांदूळ वाटून टाकून देतात, पाटा धुतात. कच थांबेपर्यंत पुन्हा तसेच करतात. आपली चूक कोणी दाखवली की आपल्यातूनही आधी कचच निघते: राग, सबबी, “तू तरी काय करतोस?” ती कोणाच्या ताटात वाढू नका. थांबा, नाम घ्या, मग बोला.

आणि दुसऱ्याला टाकी लावण्याची वेळ आपल्यावर आली, तर कारागिराचा हात आठवा. खाच फार खोल गेली तर वाटण तिच्यात अडकून बसते. घाव फार जोरात बसला तर दगडच फुटतो. घाव नेमका हवा आणि मोजका हवा.

संत जनाबाईंबरोबर पांडुरंग दळायला बसला, असे परंपरा सांगते. देवच जात्यापाशी आला. तेव्हा मूर्ती झालो नाही याची खंत नको. दळण नीट होते आहे ना, एवढे पाहू या.

या आठवड्याचा संकल्प: घरातल्या एका माणसाला विचारा, “माझ्या कोणत्या वागण्याचा तुला त्रास होतो?” उत्तर पूर्ण ऐका. त्या दिवशी त्यावर काहीही बोलू नका.