शांतता कोणासाठी?

जे औषध आकडी थांबवते तेच रुग्णाची शुद्ध हरपवत असेल, तर ते किती द्यावे, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो नीतीचाही होतो.

तंतुकणिकांच्या, म्हणजेच मायटोकाँड्रियाच्या, आजारात हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहतो. पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या या कणिका दुबळ्या झाल्या की मेंदूला त्याची मोठी झळ लागते. बर्नार्ड आल्पर्स यांनी 1931 साली वर्णिलेल्या बालरोगात कधी कधी एकाच हाताला दिवसेंदिवस झटके येत राहतात, आणि मूल मात्र जागे असते. 'पोलजी' जनुकातील दोष हे या रोगाचे प्रमुख कारण. एरव्ही उपयोगी पडणारे व्हॅल्प्रोएट अशा मुलाचे यकृत निकामी करू शकते. म्हणून ते वर्ज्य मानतात.

सर्वांगाची आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, तर मिडाझोलाम वा लोराझेपामसारखे औषध विनाविलंब द्यावे लागते. त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. पण हेतू आकडी थांबविण्याचा असतो, श्वास मंदावण्याचा नव्हे. एका कृतीच्या दोन परिणामांतील हा भेद संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात स्वसंरक्षणाच्या संदर्भात मांडला. पोप पायस बारावे यांनी 1957 साली भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना वेदनाशमनासाठी गुंगीच्या औषधांना मुभा दिली. मात्र सबळ कारणावाचून मरणोन्मुख माणसाची शुद्ध हिरावू नये, असेही बजावले.

'सबळ कारण' हेच आम्हांस कळीचे वाटते. केवळ एक हात थरथरत असेल, तर तो पूर्ण थांबावा म्हणून मुलाला गाढ गुंगीत, कृत्रिम श्वासावर ठेवावे काय? थरथर पाहवत नाही, हे आईवडिलांचे दुःख खरे आहे. पण औषधाचे माप त्या दुःखाने ठरू नये. मुलाला यातना होत असतील, किंवा झटके पसरून जिवावर बेतत असेल, तर झोप ही दयाच होय. तसे नसेल, तर आईचा आवाज ऐकत घालविलेला जागेपणाचा एक तासही त्या मुलाचे धन आहे.

म्हणून डॉक्टरांशी बोलताना आपण आधी विचारावे : या मात्रेने कोणाला आराम मिळणार, आणि त्यासाठी मुलाला काय गमवावे लागणार? औषध मात्र आपल्या मनाने कमी किंवा बंद करू नये. एकाएकी थांबविल्यास आकडी बळावते. निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. त्याचे ओझे एकट्या आईवर टाकू नये.