राजाचे घोडेस्वार घ्यावेत काय?

आपल्या मराठी मंडळ्यांतून, विशेषतः बेळगाव व गोव्याकडील मंडळ्यांतून, अलीकडे एक प्रश्न वरचेवर निघू लागला आहे. मुलींचा आणि स्त्रियांचा जो व्यापार आपल्या देशात चालतो, त्याविरुद्ध मंडळीने काहीतरी करावे याविषयी कोणाचे दुमत नाही. दुमत आहे ते पैशाविषयी. सोडवून आणलेल्या मुलींसाठी गृह चालवायचे म्हणजे जागा, जेवणखाण, राखणदार, डॉक्टर, वकील या सर्वांचा खर्च आला. पूर्वी अशा कामाला परदेशातून मदत येत असे. ती वाट २०१० च्या परदेशी देणग्यांच्या कायद्याने आणि २०२० च्या दुरुस्तीने बरीच अरुंद झाली आहे. मग उरते सरकार. सरकारची योजना आहे, अर्ज करता येतो, अनुदान मिळू शकते. करावा काय अर्ज?

पंचांच्या सभेत यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, प्रभूच्या कामाला कैसराचा पैसा नको. दुसरा म्हणतो, आपण कर भरतो, तो पैसा आपलाच आहे. दोघेही लवकर थांबतात असे आम्हांस वाटते.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. एज्रा बाबेलहून यरुशलेमेस निघाला तेव्हा वाटेतल्या शत्रूंपासून रक्षणासाठी राजाकडे शिपाई व घोडेस्वार मागण्याची त्याला लाज वाटली, कारण आपला देव आपले रक्षण करतो असे तो राजापाशी बोलून चुकला होता. म्हणून अहवा नदीकाठी त्याने लोकांसह उपास केला व तसाच निघाला. पुढे काही वर्षांनी नहेम्याही त्याच वाटेने गेला. त्याने मात्र राजाकडून सुभेदारांच्या नावे पत्रे मागून घेतली, राजाच्या वनातले लाकूड मागितले, आणि राजाने दिलेले सरदार व घोडेस्वार बरोबर घेतले. शास्त्राने दोघांपैकी एकालाही दोष दिलेला नाही. ज्या एज्राने स्वार नाकारले त्याच्याच सामानात राजाने दिलेले सोने-रुपे होते, हे आपल्या उपदेशांत बहुधा सांगायचे राहून जाते. त्याने पैसा घेतला, हत्यार नाकारले. नहेम्याने दोन्ही घेतले. म्हणजे पैसा मुळात शुद्ध की अशुद्ध, या वादाने काही निष्पन्न व्हायचे नाही. राजाकडून काय घेतले, कशासाठी घेतले आणि घेतल्यावर तोंड मोकळे राहिले काय, हे पाहावे लागते.

आधी कोणाचे काम काय ते पाहू. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार व वेठबिगार यांना बंदी घातली आहे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे. कुंटणखान्यावर धाड घालणे, दलालाला पकडणे, मुलीला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे ही कामे राज्यसत्तेची आहेत. मंडळीला तसा अधिकार नाही आणि तो नसावा हेच बरे. या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मानवी तस्करीविरोधी पथके असावीत म्हणून केंद्राच्या गृहखात्याने २०२० साली निर्भया निधीतून राज्यांना १०० कोटी रुपये दिले. तो पैसा पोलिसांच्या पथकांचा. मंडळीने त्याच्याकडे पाहण्याचे कारण नाही. संस्थांसाठी वेगळी योजना होती. 'उज्ज्वला' या नावाने ती ४ डिसेंबर २००७ रोजी सुरू झाली, आणि २०२२ पासून ती 'स्वाधार गृह' या योजनेबरोबर 'मिशन शक्ती'खालील 'शक्ती सदन'मध्ये मिसळली आहे.

उज्ज्वला योजनेत खर्चाचे भाग ठरलेले होते. सर्वसाधारणपणे दहावा भाग संस्थेने आपल्या पदरचा घालायचा, बाकीचे नऊ भाग सरकारचे. दशांशाची शिकवण लहानपणापासून ऐकलेल्या आपल्या लोकांनी या आकड्याशी थोडे थांबावे. आपण कमाईतला दहावा भाग देवाला देतो आणि नऊ भागांवर संसार करतो. त्या योजनेत सरकार नऊ भाग घालत असे आणि संस्थेकडे दहावाच मागत असे. एवढेही आपल्याला जड वाटावे काय? आणि तो दहावा भाग कागदावरच दाखवायचा, कोणाच्या तरी जुन्या इमारतीचे भाडे धरून तो भरून काढायचा, असे मंडळीने मुळीच करू नये. अशी हिशेबाची करामत पुष्कळ ठिकाणी चालते, पण मुलीच्या ताटातला घास जर त्या दहाव्या भागातून यायचा असेल, तर तेथे खोटा आकडा लिहिणे ही चोरीच आहे.

अनुदानित शाळा चालवणाऱ्या आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगायला नको. १८५४ च्या खलित्याने सरकारी अनुदानाची पद्धत सुरू झाली आणि मिशनच्या शाळांनी ते घेतले. त्या शाळांतून हजारो मुलेमुली शिकली, हा लाभ खरा. पण हप्ता कधी येईल याची वाट पाहत शिक्षकांचे पगार थकले की काय होते, तेही आपल्या कुटुंबांतून पुष्कळांना ठाऊक आहे. शिक्षक उसनवारी करून दोन महिने काढतो. गृहातल्या मुलीला तसे सांगता येत नाही.

आता अधिक अवघड भागाकडे येऊ. सरकारी पैसा घेतला की सुवार्ता सांगता येणार नाही, ही आपल्याकडची मोठी भीती. आम्ही हा प्रश्न उलट बाजूने विचारू इच्छितो. १९५६ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे मॅजिस्ट्रेट सोडवलेल्या स्त्रीला एक ते तीन वर्षेपर्यंत संरक्षणगृहात ठेवण्याचा हुकूम करू शकतो. ती तेथे आपल्या इच्छेने आलेली असेलच असे नाही, आणि तिला उठून जाता येत नाही. अशा स्त्रीसमोर आपण प्रार्थनासभा घेतली आणि ती मान खाली घालून बसली, तर ती ऐकते आहे की सोसते आहे हे आपल्याला कसे कळणार? जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या हो म्हणण्याला साक्ष म्हणता येत नाही. त्या भिंतींच्या आत धर्मशिक्षणावर बंधन असेल तर आम्हांला त्यात छळ दिसत नाही. त्यात त्या स्त्रीचे रक्षण आहे. प्रभूने कोणाला दार लावून घेऊन हाक मारली नाही.

हा मुद्दा केवळ आमच्या मनातला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा संस्थेत ठेवलेल्या तीन सज्ञान स्त्रियांची सुटका करण्याचा हुकूम दिला. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवता येत नाही असे न्यायालयाने म्हटले. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की सर्व संरक्षणगृहांची पाहणी करा आणि इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेचा विचार करा. सोडवणूक म्हणून आणलेल्या जागेतूनच सोडवण्याची वेळ कोर्टावर यावी, हे वाचून आपल्यातल्या पुष्कळांना धक्का बसेल. बसावा.

ही अडचण आपल्या देशापुरती आहे असेही नाही. अमेरिकेत २००० साली माणसांच्या व्यापाराविरुद्ध कायदा झाला आणि २०१० पासून तेथील सरकार अशा पथकांना पैसा देते की ज्यात पोलीस आणि पीडितांची सेवा करणारी संस्था दोघांनीही अर्ज करून एकत्र काम करायचे. पीडितांच्या सेवेचा सरकारी करार तेथील रोमन कॅथलिक बिशपांच्या परिषदेकडे २००६ ते २०११ होता. संततिनियमन व गर्भपात यांसाठी हा पैसा वापरू नये, अशी अट परिषदेने खालच्या संस्थांना घातली. एका नागरी हक्क संघटनेने २००९ मध्ये दावा लावला. २०१२ मध्ये जिल्हा न्यायालयाचा निकाल सरकारविरुद्ध गेला, आणि करारच संपलेला असल्यामुळे २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला. बिशपांचा विवेक खरा होता यात आम्हांला शंका नाही. पण ज्या स्त्रीवर बलात्कार झालेला आहे तिच्या औषधपाण्याचा प्रश्न या भांडणात कागदांच्या ढिगाखाली गेला. पैसा सर्वांचा आणि अट एका मंडळीची, अशी बांधणी टिकत नाही. ज्या मंडळीला आपल्या विवेकामुळे एखादी सेवा देता येत नाही, तिने ते अर्ज करण्यापूर्वी स्पष्ट सांगावे किंवा अर्जच करू नये.

तोंड मोकळे राहते काय, याविषयी आपल्याजवळ पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहे. त्यांच्या कामाची मदार देणग्यांवर होती. त्यासाठी १८८७ मध्ये बॉस्टनला खास मंडळ स्थापन झाले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेथून निराधार मुली घेऊन आल्या, आणि सरकारी मदतीच्या जागांत मुलींची काय अवस्था होते हे त्यांनी लिहिले. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या सरकारी बंदोबस्तात स्त्रियांचे काय हाल होतात याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात लिहिले, त्यात स्वतःकडच्या एका मुलीची हकीकत दिली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले, पण रमाबाईंनी लिहायचे ते लिहिले. ज्या खात्याकडून पुढचा हप्ता यायचा आहे त्या खात्याच्या गृहात मुलीवर अत्याचार झाला, असे कळल्यावर आपले खजिनदार काय म्हणतील? थोडे सबुरीने घ्या, असे म्हणतील. त्या सबुरीची किंमत कोण देते, याचा विचार अर्जावर सही करण्याआधी व्हावा.

आणि मोजमापाचे काय? सरकारला हिशेब द्यावा लागतो. किती धाडी, किती सुटका, किती खाटा भरल्या. लोकांच्या पैशाचा हिशेब मागणे योग्यच आहे. पण आकड्याला एक खोड असते. सुटलेल्या मुलीचा आकडा एकदा लिहिला की ती त्या कागदावरून नाहीशी होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायातली फिलिप्पैची दासी आठवा. तिच्या धन्यांना तिच्यापासून पुष्कळ मिळकत होत होती. पौलाने तिला त्या दुरात्म्यापासून सोडवले, मिळकत बुडाली म्हणून धन्यांनी पौल व सीला यांना ओढत अधिकाऱ्यांपुढे नेले, आणि पुढची कथा तुरुंगाची व बंदिशाळेच्या नायकाची आहे. ती दासी? लूक पुढे काहीच सांगत नाही. शब्बाथ शाळेत हा पाठ घेताना एखादे मूल हमखास विचारते की मग तिचे काय झाले, आणि शिक्षक पुढच्या वचनाकडे वळतात. त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणे हे मंडळीचे काम आहे असे आम्ही म्हणतो. योजनेची मुदत संपल्यावर, गावाने परत न घेतलेल्या मुलीला भाड्याची खोली कोण मिळवून देणार, तिच्या लेकराच्या शाळेच्या दाखल्यावर कोण सही करणार, तिच्या लग्नात तिच्या बाजूने कोण उभे राहणार? यासाठी अनुदान नाही, आणि असूही नये.

सरकारी पैशाने माणसे मिंधीच होतात असे मात्र नाही. बेळगावकरांना सौंदत्तीची यल्लम्मा आणि देवदासींची चाल ठाऊक आहे. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये आणि कर्नाटकात १९८२ मध्ये त्याविरुद्ध कायदे झाले. नुसत्या कायद्याने चाल बंद पडली नाही. पुढे कर्नाटक सरकारच्या महिला विकास महामंडळाने आणि एका स्वयंसेवी संस्थेने मिळून काम केले, आणि त्यातून १९९७ साली घटप्रभेला पूर्वीच्या देवदासींचीच स्वतःची संस्था उभी राहिली. तिचे काम सांभाळणाऱ्या सीतव्वा जोडट्टी लहानपणी स्वतः सोडल्या गेल्या होत्या; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेथे सरकारचा पैसा होता, पण बायका कोणाच्या अहवालातला आकडा होऊन राहिल्या नाहीत.

म्हणून अर्ज करावा, असे आमचे मत आहे. पण तो पहिले पाऊल नसावा. १९५६ च्या कायद्यात अशा काही जागा आहेत ज्यांना एक पैसाही लागत नाही आणि ज्या बहुधा रिकाम्या असतात. झडतीपूर्वी दोन प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावे लागते, त्यांत निदान एक स्त्री असावी लागते. विशेष पोलीस अधिकाऱ्याला सल्ला देण्यासाठी पाचपर्यंत समाजसेवकांचे मंडळ नेमता येते. मुलीविषयी हुकूम करण्यापूर्वी मॅजिस्ट्रेट पाच जणांची समिती मदतीला घेऊ शकतो, त्यांत शक्यतो तिघी स्त्रिया. आपल्या स्त्री-मंडळांतून निवृत्त परिचारिका, शिक्षिका कितीतरी आहेत. त्यांची नावे जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत व महिला-बालविकास खात्यात नेऊन द्यावीत. वर्षभर त्या जागांवर बसल्यावर मंडळीला कळेल की गृह चालवण्याची आपली ताकद आहे की नाही.

ताकद आहे असे ठरले, तर पंचांनी एक कागद घ्यावा. त्यावर तीन वर्षांचा आपला वाटा लिहावा, त्याखाली चार महिने हप्ता न आल्यास लागणारे पैसे, आणि त्याखाली योजना बंद पडल्यावर ज्या मुलींना जायला घर नसेल त्यांचा दोन वर्षांचा खर्च. तिन्हींची बेरीज वार्षिक सभेत वाचून दाखवावी, कोण किती देणार ते त्याच बैठकीत लिहून घ्यावे, आणि मग अर्जाचा नमुना आणायला माणूस पाठवावा.